सुट्टी कुणाच्या पोरांना लागते?

एप्रिल उतरणीला लागला की आमच्या करमाळ्यात दोन गोष्टींचे बोर्ड जिकडेतिकडे दिसतात. रसवंतीचे आणि समर कॅम्पचे. अ‍ॅबॅकस, वैदिक गणित, हस्ताक्षर, इंग्लिश स्पीकिंग, कोडिंग, रोबोटिक्स. पाचवीतल्या पोरांसाठी 'नीट-जेईई फाउंडेशन'. खाली एक ओळ ठरलेली: मर्यादित जागा. आणि तिच्याखाली एक न छापलेली ओळ असते, ती प्रत्येक आईबापाला बरोबर वाचता येते: तुमचं पोरगं मागं पडेल.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय 28. शाळा करमाळा तालुक्यात झाली, नोकरी पुण्यात करतो. त्यामुळे मे महिन्यात लग्नाला, जत्रेला गावाकडं गेलो की कुणीतरी विचारतंच, "पोराला कोडिंगला घालू का?" मी नको म्हणतो. मग पुढचा प्रश्न येतो, "मग दीड महिना त्याला गुंतवायचं कशात?"

माझं भांडण या 'गुंतवायचं' शब्दाशी आहे. मराठीत दोरा गुंततो, पैसा गुंतवला जातो आणि आता पोरंही गुंतवली जातात. तिन्हीकडं अर्थ जवळपास एकच, की सुटं राहू द्यायचं नाही. पोराला काय अवघड द्यायचं, त्याच्या डोक्याला काय खाद्य द्यायचं, हा प्रश्न आपण विचारतच नाही. ते घरात शांत बसेल का आणि पुढं त्याचा परतावा मिळेल का, एवढंच बघतो.

माझं म्हणणं सरळ आहे. सुट्टीत पोरांनी काय करायचं हा प्रश्न आपण घराघरात, ज्याच्या त्याच्या खिशाप्रमाणे सोडवतोय, म्हणून तो सुटत नाहीये. तो गावाचा प्रश्न आहे. गावानं तो अंगावर घेतला नाही, तर पैसेवाल्याच्या पोराला कॅम्प, मधल्याच्या पोराला मोबाईल आणि खालच्याच्या पोराला काम, हीच वाटणी दर उन्हाळ्यात होत राहणार.

कोडिंगची भीती विकणारे

आधी माझ्या धंद्याचं बोलतो. 2020 ची टाळेबंदी आठवा. व्हाइटहॅट ज्युनिअरच्या जाहिरातींनी मोबाईल भरून गेले होते. त्यात 'वुल्फ गुप्ता' नावाचं एक पोरगं होतं, त्याला म्हणे गूगलनं कोट्यवधींचं पॅकेज दिलं. जाहिरात बदलली की पोराचं वय बदलायचं, पॅकेजही बदलायचं, कारण असं पोरगं मुळात नव्हतंच. त्याच वर्षी जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनं कंपनीला काही जाहिराती मागं घ्यायला सांगितल्या. त्याच वर्षी बायजूजनं ही कंपनी 30 कोटी डॉलरला विकत घेतली. 2024 मध्ये बायजूज स्वतःच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण या लोकांनी पेरलेली भीती काही दिवाळखोरीत निघाली नाही. ती शहरातून तालुक्याला आली आणि बोर्डावर चढली.

कोडिंग वाईट आहे असं मी म्हणत नाही. एमआयटीनं 2007 मध्ये काढलेलं स्क्रॅच फुकट आहे, पोराला गोडी असेल तर जरूर द्या. पण माझ्या नोकरीत दिवसाचा मोठा भाग कशात जातो ते ऐका. जी गोष्ट चालायला पाहिजे पण चालत नाही, तिच्यासमोर बसून राहण्यात. कुठं अडलंय याचा अंदाज करायचा, एक गोष्ट बदलून बघायची, अंदाज चुकला की दुसरा करायचा. हे करताना चिडचिड होते, कंटाळा येतो, आणि नेमकं तेच शिकायचं असतं. दहा दिवसांच्या कॅम्पमध्ये हा भाग कापलेला असतो. तिथं गेम आधीच तयार असतो. पोरानं ठोकळे ठरलेल्या जागी ओढायचे आणि शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट हातात घेऊन फोटो काढायचा.

गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं अशाच एका क्लासमध्ये केलेला गेम मला दाखवला. म्हटलं, यातली गाडी जरा हळू पळवून दाखव. तो म्हणाला, "मामा, ते बदलायचं नाही, सरांनी सांगितलंय." त्याच संध्याकाळी रानात ठिबकची एक लाईन कोरडी राहत होती. यानं आधी फिल्टर बघितला, मग व्हॉल्व्ह बघितला, मग नळीचं शेवटचं टोक उघडून पाणी जोरात सोडलं. घाण निघून गेली तरी दोन ड्रिपर बंदच होते, ते बदलले. अर्ध्या तासात लाईन सुरू. आमच्या ऑफिसात याला डिबगिंग म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो. फी भरून घेतलेल्या क्लासमध्ये ते त्याला करू दिलं नव्हतं.

'आमच्या वेळी'वाले

आता दुसरी बाजू. हे लोक फेसबुकवर जास्त सापडतात. आमच्या वेळी कसले कॅम्प, विहिरीत उड्या मारायचो, आंबे पाडायचो, कैऱ्या चोरायचो, पोरांना मोकळं सोडा, आपोआप शिकतात. जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'सैराट' 2016 मध्ये आला, तेव्हापासून तर आमच्या तालुक्यातल्या विहिरी राज्याच्या आठवणीत जाऊन बसल्यात.

पण दादा, तुमच्या वेळची जमीन आता राहिलेली नाही. जुन्या विहिरीला पायऱ्या असायच्या, धरायला दगडाच्या कपारी असायच्या, काठावर चार पोहणारी माणसं असायची. पाठीला डबा बांधून पोरगं पाण्यात ढकलणारा काका तिथंच उभा असायचा. 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि रानोरान शेततळी झाली. पाण्यासाठी ती गरजेची आहेत. पण त्यांत प्लास्टिकचा कागद असतो आणि उतार गुळगुळीत असतो. आत घसरलेल्या पोराला धरायला काही नसतं. पोहता येणारासुद्धा त्या कागदावरून वर चढू शकत नाही. काठाला बांधलेला एक दोर आणि हवा भरलेली एक ट्यूब जीव वाचवू शकते, आणि बऱ्याच तळ्यांवर तेवढंही नसतं.

आमच्याकडं तर उजनीचा फुगवटा आहे. 21 मे 2024 ला, ऐन सुट्टीत, कुगावहून पलीकडं कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 माणसं गेली. पाण्याच्या काठावर राहणाऱ्या तालुक्यात पोहणं हा छंद म्हणून सोडून चालत नाही. लिहिता-वाचता येण्याइतकंच ते गरजेचं आहे, आणि ते आपोआप येत नाही. कुणीतरी उभं राहून शिकवावं लागतं. 'मोकळं सोडा' म्हणणारा माणूस त्या वेळी काठावर उभा राहणार आहे का, एवढंच मला विचारायचंय.

उन्हाचंही तेच. हवामान खात्याच्या नोंदींमुळं जेऊरचं नाव बातम्यांत येतं. मे महिन्यात दुपारी 12 ते 4 पोरांनी खेळायचं कुठं? झाडं कमी झाली, वाडे पडले, पत्र्याची घरं वाढली. पत्र्याखाली दुपारी बसून बघा. मग पोरगं मोबाईल घेऊन कोपऱ्यात पडतं, त्यात त्याचा दोष किती?

आणि मोबाईलबद्दल रडण्याआधी आकडे बघू. 'असर' 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलेली 57 टक्के, सोशल मीडिया वापरलेली 76 टक्के. या पोरांना यंत्र येतं. त्याचं करायचं काय, हे सांगणारं कुणी शेजारी नाही.

ज्यांची सुट्टी कुणी मोजत नाही

आता खरी गोष्ट. साखर कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या तेव्हा परत येतात. त्यांची जी पोरं हंगामी वसतिगृहात राहिली नाहीत, ती आईबापाबरोबर फडात होती. कोप्यात राहिली, धाकट्या भावंडांना सांभाळलं, वाढं गोळा केलं. वर्षातली निम्मी शाळा बुडाली. ही पोरं गावात परत येतात आणि आठ-पंधरा दिवसांत शाळेला कुलूप लागतं. म्हणजे ती गावात परतल्यावरचे जे पहिले दिवस, नेमके त्याच दिवसांत शाळा बंद. या वेळापत्रकाचा विचार करणाऱ्याला ही पोरं दिसलीच नसणार.

दुसरी गोष्ट मुलींची. सुट्टी लागली की पोरगा 'मोकळा' होतो आणि पोरगी 'घरात मदतीला' येते. शेवया, पापड, कुरडया, पाव्हणेरावळे, भावंडं. मे महिन्यात लग्नाच्या तिथी दाट असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. नववीत गेलेली मुलगी जूनमध्ये वर्गात परत बसेल की नाही, हे पुष्कळदा सुट्टीतल्या बैठकांत ठरतं. रोज सकाळी तिला कुठंतरी जायचं असेल, तिथं तिची कुणी वाट बघत असेल, एखादं काम तिच्या नावावर असेल, तर ते ठरणं थोडं अवघड होतं. शिबिराकडं मी एवढ्या गांभीर्यानं बघतो ते यामुळं.

मग शाळाच वाढवायची का?

नाही. सरकारला हाच एक उपाय सुचतो. 2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत नेल्या. शिक्षक संघटना उन्हाचं सांगत राहिल्या. तापलेल्या वर्गात पोरांना पेपरला बसवून कुणाचंही डोकं चालत नाही.

'सुट्टीत पोरांचा मेंदू गंजतो' ही भीतीही मी विकणार नाही. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात 1982 पासून कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एंटविसल यांनी मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. शाळा चालू असताना गरीब आणि बऱ्या घरची मुलं साधारण सारखीच शिकतात आणि दरी वाढते ती उन्हाळ्यात, असं त्यांना आढळलं. पुढं 2019 मध्ये पॉल वॉन हिपेल यांनी दाखवलं की त्या जुन्या चाचण्यांच्या मोजमापात घोळ होता आणि नव्या चाचण्यांत ते चित्र तसं उमटत नाही. म्हणजे 'इतके टक्के विसरतात' असं सांगणारा क्लासवाला भेटला तर त्याला आकडा कुठून आणला ते विचारा.

माझा मुद्दा गंजण्याचा नाहीच. सुट्टीत काय होऊ शकतं, याचा आहे. जून 2008 मध्ये बिहारमध्ये 'प्रथम' संस्थेनं सरकारच्या साथीनं महिनाभराची उन्हाळी शिबिरं घेतली. शिकवायला सरकारी शाळांतलेच शिक्षक. पोरांना इयत्तेप्रमाणे न बसवता, ज्याला जेवढं येतं तिथून पुढं न्यायचं, एवढाच नियम. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं मोजमाप केलं. वाचन सुधारलं होतं. नेहमीच्या शाळेत नुसतं साहित्य आणि प्रशिक्षण देऊन तसा फरक पडला नव्हता, कारण तिथं शिक्षकाच्या मानेवर पोर्शन संपवायचं जू असतं. गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर घेतलेल्या वर्गांनीही फरक पडला होता. सुट्टीत पोर्शन नसतो. तिची ताकद त्यातच आहे, आणि आपण मात्र फाउंडेशन बॅच लावून सुट्टीतही पोर्शन घुसवतोय.

हे नवीनही नाही. पुण्यात जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुकामध्ये अनेक वर्षं शाळकरी मुलं उन्हाळ्यात येऊन शास्त्रज्ञांबरोबर काम करत. अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. तिथंच अरविंद गुप्ता 2003 ते 2014 काड्यापेटी, सायकलची नळी आणि जुन्या वर्तमानपत्रातून खेळणी करून विज्ञान दाखवत होते. त्यांच्या वेबसाइटवर मराठी पुस्तकंसुद्धा फुकट आहेत. पुण्यातल्या पोरांना जे मिळालं, ते कुगाव, केत्तूर, वांगीच्या पोरांना मिळायला काय आडवं येतं? यंत्रं लागत नाहीत. एक सावलीची खोली लागते, एक मोठं माणूस लागतं आणि एक बरा प्रश्न लागतो.

बरा प्रश्न म्हणजे कसला?

ज्याचं उत्तर विचारणाऱ्यालाही पक्कं माहीत नाही, असा. उदाहरणं आपल्या तालुक्यातलीच घेऊ.

रावरंभा निंबाळकरांनी बांधलेलं कमलाभवानीचं मंदिर. लहानपणापासून ऐकतोय की इथं सगळं 96 आहे. खांब 96, ओवऱ्या 96, पायऱ्या 96, बारवेच्या पायऱ्याही 96. तुम्ही मोजलंय? पन्नास पोरांना पाच गटांत वाटा आणि मोजायला सांगा. पाच गटांची पाच उत्तरं येतील. मग खरी मजा. भिंतीत अर्धा बुजलेला खांब धरायचा का? उंबरा पायरीत येतो का? मोजण्याआधी 'खांब' कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं, हे पोरं स्वतः शोधतील. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हे कुणी इतकं चांगलं शिकवलं नाही.

उजनी. 2024 च्या उन्हाळ्यात धरण 'उणे 60 टक्क्यां'च्या जवळ गेलं होतं. धरण उणे कसं होतं? सातवीच्या पोराला विचारा. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 हून जास्त मृतसाठा, उरलेला साधारण 54 उपयुक्त. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची सांगतात. मग उणे 60 टक्के असताना धरणात खरं पाणी किती होतं? साधारण 31 टीएमसी निघतं. ऋण संख्या, टक्केवारी आणि आपल्या नळाला पाणी का येत नाही, हे सगळं एकाच गणितात. रोज पेपरात आकडा येतो, पोरांनी शाळेच्या भिंतीवर त्याचा आलेख काढावा.

नकाशा. ओपनस्ट्रीटमॅप हा सगळ्या जगानं मिळून केलेला फुकट नकाशा आहे. त्यात तुमची वस्ती, हापसा, अंगणवाडी, ओढ्यावरचा पूल आहे का ते उघडून बघा. नसेल तर नववीतल्या मुलामुलींनी फोन घेऊन फिरावं आणि भरावं. जे यंत्र त्यांना वापरत होतं, ते आता त्या वापरतील.

वाचन. 'किशोर' मासिक बालभारती 1971 पासून काढते आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. नीट वाचता येणाऱ्या पोरानं, न येणाऱ्या दोघांना रोज एक गोष्ट वाचून दाखवायची. ऊसतोडीहून आलेल्या पोराला त्याच्या इयत्तेचं पुस्तक देऊन लाजवायचं नाही. त्याला येतं तिथून सुरू करायचं. आणि त्यानं फडात, ट्रॅक्टरच्या वजनकाट्यावर जे बघितलंय, त्याचा हिशेब त्यानं बाकीच्यांना शिकवायचा.

पोहणं. पट्टीचे पोहणारे आणि मच्छीमार आपल्या काठावर आहेत. दोर, ट्यूब, लाइफ जॅकेट घेऊन, मुलींना वेगळी वेळ देऊन, पंधरा दिवस.

वेळ सकाळी 7 ते 10. ऊन चढायच्या आत घरी.

'हे करणार कोण?'

शिक्षक नाही. त्यांच्या डोक्यावर जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत पुरेशी ओझी आहेत. करणार तुम्ही आणि मी. हे वाचणारे बरेच जण पंचविशीतले असणार, पुण्या-मुंबईत नोकरीला नाहीतर गावात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत बसलेले. मे महिन्यात लग्नं आणि जत्रा धरून आपण गावात आठवडाभर तरी असतो. त्यातल्या तीन सकाळी द्या. वीस जणांनी तीन-तीन दिवस वाटून घेतले तर दीड महिना भरून निघतो. लॅपटॉपवरून ऑफिसची शिफ्ट करणारे आपण शिफ्ट लावायला घाबरायचं कारण नाही.

पैसे? फार लागत नाहीत, आणि जे लागतात त्यासाठी वाट आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. चार ट्यूबा, दोर, खडू, मापाच्या टेपा आणि पोरांना सकाळचे शेंगदाणे-गूळ त्यात बसायला हरकत नसावी. जागा? शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिलीय आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. खोली उघडायचा ठराव पालकच मांडू शकतात.

"पोरांना थोडं निवांत राहू द्या की," असं कुणी म्हणेल. राहू द्याच. दिवसाचे तीन तास गेले तरी उरलेला दिवस लोळायला, भांडायला, आजीकडं जायला पडलेलाच आहे. पण निवांतपणा ही सुद्धा वाटलेली गोष्ट आहे, हे विसरू नका. केळीच्या बागेत रोजानं जाणाऱ्या पोराला निवांतपणा नसतो, आणि भाच्याची ठिबकची गोष्ट सांगून मी बालमजुरीची भलामण करत नाहीये. स्वतःच्या घरचं बिघडलेलं दुरुस्त करणं वेगळं आणि पोटासाठी दिवसभर घड वाहणं वेगळं.

कॅम्पला पोरं घालणाऱ्या आईबापांवरही माझा राग नाही. त्यांना दुसरं दार दिसत नाही, म्हणून ते पैसे भरतात. राग आहे तो कुलपावर. गावातली सगळ्यात मोठी, पक्क्या छताची, मैदानाची, सगळ्यांच्या पैशानं बांधलेली इमारत, पोरं सगळ्यात मोकळी असतात तेव्हाच बंद असते, आणि शेजारच्या गाळ्यात कुणीतरी फी घेऊन तीच पोरं बसवतं.

1 मेला महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा असते. झेंडावंदन झालं की निम्मं गाव उठून जातं. या वेळी बसा. करमाळा शहरात राहत असाल तर ग्रामसभा नाही, नगरपरिषद आहे, तिथं जा. विषय मांडायला भाषण लागत नाही. सगळ्यांसमोर एवढंच विचारा, "शाळेची किल्ली मे महिन्यात कुणाकडं असते?" आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.